गाठ माझ्याशी आहे

तळ्यावरचा बर्फ मेच्या पहिल्या आठवड्यात फुटतो,
तेव्हा मी हस्तकलेच्या खोपटाचं कुलूप काढते.
बिजागरीला तेल. कोळ्यांना नोटीस.
मग दोऱ्यांचा खोका.

रंगांना इथे नावं नाहीत, नंबर आहेत.
तीनशे दहा म्हणजे काळा. सातशे सव्वीस पिवळा.
तीनशे एकवीस लाल, जो दरवर्षी सगळ्यांत आधी संपतो.
एकवीस उन्हाळे झाले, मिनेसोटाच्या या वरच्या टोकाला
मी दुसऱ्यांच्या मुलींना गाठी शिकवते.
माझ्या मनगटावर एकही पट्टी नाही.
आहे तो संधिवात.

नियम थोडेच.
सेफ्टी पिन जीन्सच्या गुडघ्याला टोचायची, गुडघ्याला नव्हे.
गाठ दोनदा मारायची, प्रत्येक गाठ.
एकदाच मारलेली घसरते, सुरगाठीसारखी,
पहिल्या ओढीला पळ काढते.
डावीकडचे चार धागे मधे आणायचे, उजवीकडचे चार मधे,
आणि बाणाच्या टोकाशी
दोन काळे समोरासमोर आले
की त्यांची गाठ पडू द्यायची.
मला न विचारता कात्री उचललीत
तर गाठ माझ्याशी आहे.

गेल्या जुलैत मारेन एकटी आली.
आधीची दोन वर्षं टिल्डाबरोबर यायची,
एकाच गुडघ्याला दोघींच्या पिना,
एकीचा धागा दुसरीच्या पट्टीत, आणि त्यावरून खिंकाळणं.
टिल्डा कुठे, असं मी विचारलं नाही.
प्रश्न विचारला की मुली उलट्या बाजूने गाठ मारतात.

बाकीच्या मुली मापाला एकमेकींचे हात ओढत होत्या.
मारेनने स्वतःचंच मनगट मोजलं.
"तिचं माझ्याएवढंच होतं," म्हणाली.
होतं.
मी पिना मोजायला घेतल्या.
चाळीस होत्या. पुन्हा मोजल्या, तरी चाळीसच.

नऊ दिवस लागले तिला.
मधे एकदा अकरा ओळी पिनेच्या टोकाने सोडवल्या,
चूक मला दिसत नव्हती, तिला दिसत होती.
डास चावत होते. तळ्यावर लून ओरडत होता,
त्याला तर काही कळतच नाही, कधीही ओरडतो.

शेवटच्या दिवशी धक्क्यावर नेहमीचा गोंधळ,
दातांनी ओढलेल्या गाठी, नाकं पुसणं,
आपोआप गळून पडेपर्यंत काढायची नाही, शपथ.
मारेन लाल कॅनू बांधायच्या कडीपाशी उकिडवी बसली
आणि त्या गंजक्या लोखंडाला पट्टी बांधली.
"इथून पडली होती ती पाण्यात.
हसत होती म्हणून."
निरगाठ. दोनदा.
मी पाहिलं.

ऑक्टोबरात अर्विड धक्का सुटा करून किनाऱ्यावर रचतो,
नाहीतर बर्फ त्याचा चुरा करील.
"ही दोरी कापू का?" त्याने विचारलं, चाकू उघडून.
म्हटलं, हात लावून बघ,
गाठ माझ्याशी आहे.
सहा फूट सहा इंचांचा माणूस,
चाकू मिटून खिशात ठेवला.

आज खोका उघडला तर लाल रंग गायब.
पिवळाही. सगळ्या लडी पदर पदर सोडवलेल्या,
सहाच्या सहा पदर वेगळे, इतकं नीट काम
माझ्या एकाही मुलीने केलेलं नाही.
कोपऱ्यात त्यांचं घरटं, त्यात उंदराची चार पिल्लं,
गुलाबी, पण या गुलाबीचा नंबर
माझ्या तक्त्यात नाही.
खोका होता तसा बंद केला. फट ठेवली.

मग किनाऱ्यावर गेले.
फळ्यांवर अजून थोडा बर्फ, कडी वर आलेली.
लालाचा वीटकरी झालाय, पिवळा जवळजवळ पांढरा,
काळा मात्र काळाच.
बोटं वाकत नाहीत सकाळी, तरी
नखाने गाठ चाचपून पाहिली.
हलत नाही.

नोंदणीची यादी अजून आलेली नाही.
तीनशे एकवीसच्या बारा लडी मागवल्यात.