साक्षीदार क्रमांक दोन

गिरणी चालू होती, पट्टा फटफटत होता,
वरून कुमुदिनी अहिरराव यांनी हाक मारली,
"पुंजाराम, हात पुसून वर ये. सही करायचीय."
हात पुसले तरी पीठ राहतंच.
त्या कागदाच्या तळाशी, माझ्या नावाच्या शेपटाला
अजून एक पांढरट डाग आहे.
समोरच्या वकिलांनी तो भिंग लावून पाहिला.

टेबलावर साधेच कागद, चार पानं टाइप केलेली.
मी म्हटलं, स्टॅम्पपेपर कुठंय?
बाई म्हणाल्या, मरायला स्टॅम्प लागत नाही.
बागूल डॉक्टर आधीच येऊन बसलेले, क्रमांक एक.
त्यांनी चिठ्ठी दिली: रुग्ण शुद्धीवर, समज शाबूत.

आमच्या दोघांच्या देखत बाईंनी सही केली,
चारही पानांवर, सावकाश,
तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात
"नाशिक बोलतंय" म्हणणाऱ्या बाईचा हात, कापला नाही.
मी वाचायला वाकलो तर मजकुरावर तळवा ठेवला.
"तू माझा हात बघितलास ना? पुरे."
मग चष्मा काढून,
"तुला यात काही ठेवलेलं नाही. म्हणून तर तुला बोलावलं."

लागलं मला. खोटं कशाला सांगू,
बावीस वर्षं त्यांची बाजरी मी वेगळी दळली.

बाई पौषात गेल्या. बागूल डॉक्टर त्यांच्याही आधी.
उरलो मी.
सिन्नरचे पुतणे पासबुक घेऊन आले,
नॉमिनीच्या रकान्यावर बोट: हे बघा, आमचं नाव.
आमचे वकील म्हणाले, नॉमिनी म्हणजे राखणदार.
माळ्यावर बसावं, पाखरं हाकावीत, कणसं मालकाची.
सोसायटीच्या सेक्रेटरींना कपाटाची किल्ली सापडेना.
कुणी म्हणालं प्रोबेट घ्या,
कुणी म्हणालं ते मुंबईकरांचं लचांड, नाशकात त्यावाचून चालतं.
चाललंही असतं. पुतण्यांनी हरकत घेतली.

जुन्या सीबीएसजवळचं कोर्ट, तिसरा मजला.
"बाई शुद्धीवर होत्या, हे तुम्ही कशावरून म्हणता?"
साहेब, त्याच सकाळी पीठ पावशेर कमी भरलं
म्हणून त्यांनी मला पाच रुपये परत करायला लावले.
कोर्ट हसलं.
टाइपिस्टनं हसणं लिहिलं नाही.

मजकूर मी तिथं पहिल्यांदा ऐकला.
फ्लॅट रोहिणी सोनजे यांना, हयातीपर्यंत राहायला.
नंतर विकून पैसे विश्वस्तांकडे,
रात्रशाळेतल्या मुलींच्या फीसाठी.
रोहिणीबाई मागच्या बाकावर होत्या.
शेजारच्या स्विचबोर्डवर बसायच्या म्हणे.
उजव्या कानावर हात धरून ऐकत होत्या,
तिथं अजून हेडफोन असावा तशा.

निकालाला तारीख पडली.
गिऱ्हाइकं विचारतात, तुला काय मिळालं रे?
मी म्हणतो, कोर्टाच्या कँटीनचा चहा, तोही माझ्याच पैशानं.

फळीवर बाईंचा डबा आहे.
झाकणावर खडूनं: अहिरराव, बाजरी, तीन किलो.
शेवटचं दळण, न्यायचं राहून गेलं.
मृत्युपत्रात त्याचा उल्लेख नाही.
वकिलांना विचारलं. ते म्हणाले,
ज्याचा उल्लेख नाही ते कायद्यानं वारसांचं.
म्हणजे सिन्नरचं.

अजून कुणी आलेलं नाही.
पीठ केव्हाच कडू झालं असणार.
मी झाकण उघडत नाही,
माझं नाही ते.