दीड नंबरची चावी

गाडी मी चालवते. विमानाचं धड माझ्या पायांशी,
मागे नाना, दोन्ही काखांत एकेक पंख.
पेठ नाक्याच्या सिग्नलला एक पोरगं विचारतं,
"आजोबा, उडणार का?"
"आधी पोचू दे," नाना म्हणतात.

मखमलाबादच्या पुढे, छाटलेल्या द्राक्षबागेच्या मागे
बोरस्त्यांचं पडीक रान. ढेकळं फोडून
चाळीस पावलांची पट्टी आम्हीच केलेली.

एकतीस वर्षं ओझरला, विमानांच्या कारखान्यात.
आवळलेल्या नटावर नाना लाल रंगाची रेघ ओढायचे,
अर्धी नटावर, अर्धी पत्र्यावर.
रेघ मोडली की समजायचं, नट हलला.
निवृत्त झाले आणि रेघ घरी आली:
कुकरच्या दांड्याला, पंख्याच्या दांडीला,
देव्हाऱ्याच्या बिजागरीला.
नवी नवरी म्हणून आले तेव्हा मला वाटलं,
या घरात कुंकू फार सांडतं.

आता त्यांची बोटं थरथरतात.
दीड नंबरची चावी
स्क्रूच्या भोकात जायला सात वेळा चुकते.
म्हणून चाकं माझ्याकडे आली.

शिकवलं असं:
तार गोल असते. कानशीने तिला एक सपाटी दे,
तांदळाच्या दाण्याएवढी.
गोलावर स्क्रू टेकला तर पाहुण्यासारखा
अर्धा उठलेलाच असतो.
सपाटीवर मांडी घालून बसतो.
तेलाचा अंश नको, नेलपॉलिश पुसायचं पाणी लाव.
मग निळ्या औषधाचा थेंब.
थेंब म्हणजे थेंब. फोडणी नाही.
चाक आणि कॉलर यांच्यात बसचं तिकीट सरकव,
आवळ, तिकीट काढून घे.
"तेवढी जागा लागते गं चाकाला."

त्या रविवारी थेंब विसरले.
विसरले असंही नाही. बाटलीचं टोक सुकलं होतं,
टाचणी आणायला उठले, तेवढ्यात दूध उतू गेलं,
ओटा पुसून आले ती थेट रेघच ओढली.

विमान धावलं, शेपूट उचललं, सुटलं.
आणि डावं चाक
त्याच्या मागे थोडं पळालं जमिनीवरून,
एकटं,
मग आडवं झालं.
वर विमानाला काहीच माहीत नाही.
रामशेजच्या बाजूला वळलं, पंखावर ऊन घेऊन.

नाना बोलले नाहीत. अंगठे रिमोटच्या काड्यांवर.
चावी धरताना थरथरणारे तेच अंगठे
तिथे गप्प बसतात,
डॉक्टर म्हणाले, असतं असं.
सहा फेऱ्या. मग मोटर बंद केली,
पट्टी सोडून कोरड्या गवतावर आणलं,
उजवा पंख जरासा खाली,
एका चाकावर धावतं ठेवलं, ठेवलं, ठेवलं,
आणि शेवटी डावं टोक टेकून गर्रकन फिरलं.
बाल्सा इंचभर फुटला. बाकी शाबूत.

चाक लगेच मिळालं. कॉलर नाही.
हरभऱ्याएवढा तुकडा. दोघं ओणवे होऊन
ऊन चढेपर्यंत ढेकळं उलटत होतो.
बोरस्त्यांचा गडी थांबला, "अंगठी पडली का?"
"हो," मी म्हटलं. नाना पण "हो" म्हणाले.

सापडली त्यांनाच. अर्धी रेघ तिच्यावर,
अर्धी तिकडे तारेवर, एकदम सरळ.
स्क्रूच्या आट्यांवरून नख फिरवलं,
उजेडाकडे धरून पाहिलं.
निळं कुठेच नव्हतं.
"रेघ छान ओढतेस," म्हणाले,
आणि पंख काखेत घेऊन गाडीकडे चालू लागले.

रात्री त्यांचा चष्मा घेतला. एक काडी कधीची लुळी.
स्क्रू काढला, पुसला, वाळू दिला.
टाचणीच्या टोकावर थेंब. आवळला.
रेघ ओढली नाही.

सकाळी चष्मा लावला, परत काढला,
बिजागरी डोळ्यांजवळ नेऊन
बराच वेळ बघत राहिले.
"रंग संपला का गं?"