सुकतीक नाय, भरतीक

देवगडहून निघाले तेव्हा पाच चाळीस.
दिव्यात रस्त्याची कडा तेवढी,
आणि डांबराची ऊब घेत बसलेला एक रातवा,
चाक अगदी पंखापाशी येईपर्यंत न उठणारा.

इथला रस्ता सपाट असा नाहीच.
सड्यावर जांभा, वाळलेलं करड, वारा,
मग एकदम उतार, कलमांच्या सावलीत गार,
ब्रेकच्या रबराचा वास,
तळाशी खाडी, पूल,
पुलावर गरी टाकून बसलेला कोणीतरी,
की लगेच चढ.
गावांची नावं पाठ होईनात, गिअर झाले:
एक-तीन, एक-दोन, एक-एक,
आणि मिठबावच्या पुढे कुठेतरी
खाली उतरून, ढकलत.

आचऱ्याआधी पंक्चर.
पंपाचे दट्टे मोजत होते, साठ, एकसष्ट,
तेवढ्यात तिसऱ्यांची पाटी घेतलेली एक बाई थांबली,
गुडघ्यापर्यंत चिखल, वाळून राखाडी.
"खंयसून इलंस?"
"देवगड."
"एकटीच?"
"एकटीच."
"आणि घोव?"
"झोपलाय."
ती एवढी हसली की पाटीतलं खारं पाणी
तिच्या मानेवरून ओघळलं.
मी बासष्टपासून पुन्हा सुरू केलं.
बहुतेक पंचावन्नपासून.

तारकर्लीनंतर जमीन आक्रसत जाते.
उजवीकडे समुद्र, डावीकडे कर्ली,
मध्ये रस्ता, माड, वाळत घातलेली जाळी.
मग रस्ता संपतो.
पाटीबिटी काही नाही, चाक वाळूत रुततं
तेव्हा कळतं.

बस्त्याव म्हणाला, इंजिन दुरुस्तीला कुडाळात आहे,
वल्ह्यानं नेईन.
माणसाचे वीस, सायकलीचे दहा.
"पुलान गेलंस तर रात होतली."

सुकती लागली होती.
वल्हं पाण्याला कमी आणि
समुद्राकडे ओढणाऱ्या कशाला तरी जास्त हिसके देत होतं.
मी सायकल मांडीवर आडवी धरून.
मीटर पाहिला: ६१.४.
कोरजाईचे माड मोठे होत चालले
आणि आकडा तिथेच.

एकोणतीस वर्षं मोजणी खात्यात काढली मी.
मध्ये नदी आली की साखळी अलीकडे थांबायची,
पलीकडे खूण धरून कोन घ्यायचा,
मधलं अंतर कागदावर निघायचं.
पाण्यात कोणी उतरायचं नाही.

मी बस्त्यावला म्हटलं, एवढं अंतर माझ्या हिशोबात येणार नाही.
त्याला कळेना. मग आरीवरचं लोहचुंबक दाखवलं,
चाक फिरलं तरच मोजतं ते.
तो जरा वेळ वल्हवत राहिला.
"मगे माझा काय?" म्हणाला.
"चाळीस वर्सां मी हयसरच."

आणि एक वल्हं काखेत दाबून
मोकळ्या हातानं त्यानं पुढचं चाक गरकन फिरवलं.
६१.५.
होडीचं नाक वाकडं झालं,
पाण्यानं आम्हाला दहा हात खाली नेलं,
तो एक शिवी देऊन वल्ह्याकडे वळला
आणि नाक सरळ होताच परत चाकाकडे.
६१.७. ६१.८.
त्यानंतर मीही फिरवलं, एक-दोनदा.

काठाला लागलो तेव्हा बरोब्बर बासष्ट.
नदी एवढी रुंद नाही, मी म्हटलं.
साडेतीनशे मीटर, फार तर चारशे.
बस्त्यावनं दोर फेकला, गाठ मारली,
मग वर न बघता:
"सुकतीक नाय. भरतीक आसता."

भोगव्याचा चढ काळोखात संपला.
वहीत रात्री लिहिलं: एकूण ६९.३.
वजाबाकी केली नाही.
पुढच्या टायरला त्याच्या हाताचे दोन खवले चिकटलेत.
उद्या वेंगुर्ल्याच्या वाटेवर
पडतील कुठेतरी.