त्याचं डावं

दर सप्टेंबरला हाच तास.
तार्तूत लिंडनची पानं पिवळी पडू लागतात
आणि तळघरातल्या लिफ्टमधून मी त्यांना वर आणतो.
त्यांना म्हणजे टेबल क्रमांक चार.
नाव मला ठाऊक आहे, मुलांना नाही.
नदीवरच्या बोटीत तिकिटं तपासायचे,
एवढंच सांगतो,
आणि तेही मुलांना नाही.

एकतीस वर्षं मी ही टेबलं पुसतोय.
पहिल्या तासाला चादर निघत नाही.
डॉक्टर माइमू कास्क स्वतःच उभ्या राहतात खिडकीपाशी:
पाय जुळवून, नजर समोर,
हात बाजूला सोडलेले, तळवे पुढे,
जणू सीमेवर कुणी झडती घेतंय
आणि लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.
"ही मूळ स्थिती," त्या म्हणतात.
"शरीर कसंही पडलेलं असू दे,
उताणं, पालथं, पाय पोटाशी घेऊन,
तुम्ही धरून चालायचं की ते असं उभं आहे.
वर म्हणजे डोक्याकडे.
छताकडे नव्हे."

टूली लिहून घेते.
क्रिस्तोच्या ओठांचा रंग उडालाय;
मी त्याच्यामागे हळूच स्टूल सरकवतो.
दरवर्षी एक असतो.
दरवर्षी तो वर्गात सगळ्यांत उंच असतो.

मग शब्द येतात, लॅटिनमधले,
कपाटातल्या हाडांसारखे कोरडे, हलके.
निकटचं: जिथून अवयव फुटला त्याच्या जवळचं.
दूरचं: फुटून लांब गेलेलं.
कोपर मनगटापेक्षा निकट, बोटं सगळ्यांत दूर.
कपाळापासून बेंबीवरून खाली एक रेघ ओढायची,
तिच्याकडे झुकलेलं ते आतलं,
तिच्यापासून ढळलेलं ते कडेचं.
म्हणजे अंगठा कडेला
आणि करंगळी आत.
हे कुणालाच पटत नाही.
सगळे आपापले तळवे पुढे करून बघतात.
पंचवीस मुलं, झडतीला उभी.

"आणि डावं," बाई थांबतात,
"डावं म्हणजे त्याचं डावं. तुमचं नव्हे.
आयुष्यात चुकलात, तर इथेच चुकाल."

आमच्या भाषेत उजव्याला आणि सरस असण्याला
शब्द एकच.
डाव्याला कुणी विचारत नाही.
टेबल क्रमांक चारवर मात्र
डावं-उजवं काही नसतं,
नुसत्या दोन बाजू असतात.

सिर्येच्या मेंदूत गुठळी डावीकडे झाली,
हात गेला उजवा.
मला हे आधीच माहीत होतं,
एकतीस वर्षं ऐकत होतो की दोरे आत कुठेतरी
बाजू बदलतात.
माहीत असण्याचा काही उपयोग झाला नाही.
लुळा हात आधी बाहीत घालायचा, नर्सनं शिकवलंय.
रोज सकाळी मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसतो,
"उजवा दे" म्हणतो
आणि माझ्या उजवीकडे हात नेतो,
तिचा धडका हात धरतो.
ती अर्ध्या तोंडानं हसते.
"तू," शब्द गोळा करत ती म्हणते,
"पहिल्या वर्षालाच राहिलास."

काल मी उठलो, पलीकडून गेलो,
तिच्या मागे पलंगावर बसलो.
दोघांचीही तोंडं खिडकीकडे.
नदीवर धुकं होतं, पलीकडे कुणीतरी सायकल ढकलत नेत होतं.
तिचं उजवं माझ्या उजव्याला लागून.
बाही एका झटक्यात गेली.
बटणाला वेळ लागला.
बटणं मला कधीच जमली नाहीत.

रात्री ती घसरून खाली आलेली असते,
पाय पलंगाच्या पट्टीला टेकलेले.
"वर घे," ती म्हणते, "वर."
मी छताकडे बघत नाही.
तिच्या काखांखाली हात घालतो
आणि उशीच्या दिशेनं,
थोडं थोडं करून,
तिला उभी करतो.