पाळी

कॅनडा कॉर्नरला, जिन्याखाली, आठ बाय सहाचं दुकान माझं.
शटर अर्धं उघडलं तरी सगळं दिसतं:
क्रिकेट, फुटबॉल, बंदुका, मोटारी, पुन्हा बंदुका,
आणि सगळ्यात खालच्या फळीवर, फिनेलच्या बाटलीशेजारी
निळ्या केसांचा तो जपानी पोरगा,
त्याच्याहून लांब त्याची तलवार.

वितरकाचा माणूस म्हणायचा, ताई, हे नाशकात खपत नाही.
आपण मारायचं, मग उभं राहायचं.
मग राक्षस मारणार. मग परत आपण.
एवढा वेळ कोणाला आहे?

दातीरकाकांना होता.
नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर;
एकतीस वर्षं नोटा उजेडात धरून
चुकलेली तेवढी बाजूला काढायची.
नातवाचं नाव सांगून स्वतःसाठी घेऊन गेले
आणि आठव्या दिवशी तक्रार घेऊन हजर:
"बाई, कोल्हा मारला की चाळीस मोहरा पडतात.
कोल्ह्याला दिल्या कोणी?
छापतं कोण? नोंद कुठाय?"

मला हसू फुटलं. ते हसत नव्हते.

मग दर पेन्शनला एक.
डिक्शनरी मांडीवर घेऊन खेळायचे.
"शब्द सापडेपर्यंत राक्षस थांबतो," म्हणाले,
"सभ्य आहे."
त्या गावात विहिरीपाशी एक म्हातारी असते,
कितीदा विचारा, एकच वाक्य बोलते;
आमच्या सेक्शनला शिंगणे होते, अगदी तसे.
एकदा पैसे मोजता मोजता, माझ्याकडे न बघता:
"पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी,
सगळ्या केल्या.
पण आता तुझी पाळी, म्हणून
कोणी थांबलं नव्हतं कधी."

यंदा नवा भाग आला.
वितरकाचा माणूस पेढे घेऊन आला, सहा फुटी पोस्टर घेऊन आला.
जगभर लाखांनी जातोय, ताई.
थांबणंच काढून टाकलंय!
आता नुसतं मारत सुटायचं.

सकाळी नऊला पोरांची रांग
चहाच्या टपरीला वळसा घालून पार गल्लीत.
त्रेपन्न गेले. कर्जाचे दोन हप्ते एका दिवसात.
खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.
निळ्या केसांच्या पोराला मी वरच्या फळीवर बसवलं,
अगदी बंदुकांच्या मांडीला मांडी लावून.

काका संध्याकाळी आले.
खोका ट्यूबलाइटखाली धरला, तिरपा केला,
आत तार शोधावी तसे बघत राहिले.
"ह्यात थांबतो का तो?"
काहीही सांगता आलं असतं.
"नाही, काका."
"असू दे. त्यांना कळलं असेल लोकांना काय हवंय."
टोमणा नव्हता. मी नीट ऐकलं.
खोका त्यांनी परत ठेवला,
वर नाही, खाली, फिनेलशेजारी.
आणि खिशातून एक जुनी चिप काढली, नखाएवढी:
"ही कोणाला तरी द्या. एक्स्चेंज नको."

रात्री घरी सहज लावून बघितली.
नावाला आठच अक्षरं मिळतात,
म्हणून हिरोचं नाव बी दातीर.
एकशे बारा तास. सगळी शस्त्रं. मोहरा मोजवत नाहीत.
आणि शेवटच्या दाराच्या बाहेर उभा,
आत कधी गेलेलाच नाही.

मी ढकललं दार.
छप्पर फाडून वर गेलेला, सात तोंडांचा,
प्रत्येक तोंडात जाळ.
माझ्या हातात काय द्यायचं ते मला कळेना.
उठले, चहा टाकला. दूध नव्हतं,
खाली जाऊन पिशवी आणली,
जिन्यात शेजारणीशी पाण्याच्या टँकरवरून दोन शब्द झाले.

परत आले तेव्हा तो तिथेच होता,
सातही तोंडांनी हळूहळू श्वास घेत.
अजून त्याने काही केलेलं नव्हतं.