रद्दीचा काटा

काट्याची किल्ली माझ्याकडे असते.
वर्षातून दोनदा तो बाहेर निघतो.
जुन्या उत्तरपत्रिका गोणीत भरून
तेवीस वर्षं मी पोरांची अक्षरं
किलोच्या भावानं विकली.

म्हणून शमिका मेतर दारात येऊन म्हणाली,
"मामा, काटो व्हयो,"
तेव्हा मी विचारलं, "कित्याक?"
"कचरो मोजूक."
हसू आलं. कचरो मोजून कोण मोठो झालो हा?
"मोठो नको. कितको हा तां कळाक व्हया."

हॉस्टेलमागे उतार, उतारावर काजी,
खाली कांदळ, मग आचऱ्याची खाडी.
मुलं सुकती बघून उतरायची.
वेळ फळ्यावर नसे,
आफताब होडेकरचा बाप होडीतून फोन करी:
साडेतीनला पाणी ओढेल.
मग गुडघाभर रेंदा.
बाटल्या, सलाईनच्या नळ्या, चपला
(चपलेचा जोड कधीच नाही),
मुळांना आवळलेली निळी जाळी.
ओंकार ती ब्लेडनं सोडवायचा,
धाकट्या बहिणीच्या केसांतला गुंता काढावा तशी.

संध्याकाळी काट्यावर.
एकेचाळीस किलो. तीस. पन्नासला थोडं कमी.
ओलं जड भरतं, यावरून भांडण:
निथळू द्यायचं की नाही?
ठरलं, अर्धा तास.
अर्धा तास सगळी पायरीवर बसून राहायची,
कुणी परीक्षेचं पाठ करत,
कुणी टाचेत घुसलेली कालवाची कपची काढत,
आणि कचरा ठिबकत राही.

वहीत रकाने आखलेले.
तारीख. वजन. काय. कुठे.
पाचवा: कोणी टाकला.
त्यात पहिल्या ओळीत, माहीत नाही.
खाली पानभर
सदर, सदर, सदर.

उधाण आलं की पुन्हा तेवढाच.
साहेब म्हणाले, समुद्राचा कचरा,
आपल्या कॉलेजचा नव्हे.
मीही मान हलवली.

पुनवेच्या भरतीनंतर चिपीच्या बुडात
मिळालं थर्माकोलचं एक अक्षर.
सु.
सोनेरी कागद अजून कडेला चिकटलेला.
दोन दिवसांनी ग. मग त.
मग स्वा, पण कान्यात एक कुर्ली राहत होती,
नांगी बाहेर काढून बसलेली, घरमालकिणीसारखी.
शमिका म्हणाली, "राहू दे. ह्याचं वजन नंतर."
पोरांनी पायरीवर अक्षरं मांडली,
गसुत, तसुग, असं काहीबाही वाचून
पोट धरधरून हसली.

मी हसलो नाही.
रौप्यमहोत्सवाची रात्र. पाहुण्यांच्या गाड्या गेल्या,
हार सुकले, कुणीतरी म्हणालं,
"घाडी, हे टाकून ये कुठेतरी."
कुठेतरी म्हणजे कुठे,
हे सांगणारा अजून मला भेटलेला नाही.
अख्खं सुस्वागतम् खांद्यावर घेऊन
अंधारात मी उतार उतरलो.
पाण्यानं एकेक अक्षर अलगद उचललं.
पांढरी पांढरी लांब गेली.
बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

मुलं हात धुवायला गेली तेव्हा
वही काट्याशेजारी उघडीच होती.
पाचव्या रकान्यात, सदरच्या खाली,
पगारपत्रकावर करतो तशी सही केली.
तु. ग. घाडी, परिचर.
अक्षर वाईट. सातवीनंतर लिहिलंय कुठे?

शमिकाने वाचलं.
काट्याची सुई शून्यावर होती,
तिच्याकडे बघत राहिली बराच वेळ.
मग म्हणाली, "मामा, म् अजून गावाक नाय.
उद्या सुकती चार वाजता.
खंय सोडलास, दाखवशात?"

चार वाजता पँट दुमडून मी पुढे झालो.
मागे सात-आठ पोरं, गोण्या, ब्लेड, वही.
काजी त्याच. उतार तोच.
पण मी गेलो होतो काळोखात,
आणि उजेडात
ती वाट मला ओळखता येईना.