चाळीस अंश, दहा दिवस

पेटीत बाटली ठेवायची,
आत दुधाऐवजी पातळ आम्ल,
चाळीस अंश, दहा दिवस.
मग बघायचं प्लास्टिकमधून काय सुटलं.
अकरा वर्षं हेच करतेय.
नोंदवहीतलं माझं अक्षर सुधारत गेलं,
एवढंच.

मे महिन्यात एका दुपारी
सम्यकला आणायला इंदोऱ्याला गेले.
पाळणाघराच्या ओट्यावर, टिनाखाली,
सतरा बाटल्या ओळीनं.
हत्ती, ससा, चोचवाली, नळीवाली.
प्रत्येकीवर चिकटपट्टी, आयांच्या अक्षरात नावं:
मिहिका. दक्षित.
‘बाळ बोरकर’, ज्याचं बारसं व्हायचंय.
बाहेर शेहेचाळीस.
ऊन ओट्यावर चढून आलेलं.
पर्समधला थर्मामीटर बुडवला, सवयच ती.
एकोणपन्नास.

शीलाबाई म्हणाल्या,
“काहून पाहून राहिल्या, मॅडम?
सकाळीच भरलं जी पाणी. ताजं हाय.”

ताजंच होतं.
वास नाही, रंग नाही,
तक्रार तर नाहीच:
सम्यकला सहा शब्द येतात,
त्यातला एक ‘मम’,
तो पाण्यासाठी खर्च होतो.

इतवारीत ठोकवाला म्हणाला होता,
“शंभरात तीन देतो. स्टिकर पाहा ना, फ्री लिहिलं हाय.”
काय फ्री?
“सगळंच, ताई.”
स्टिकर नखानं निघाला.
ज्या रसायनाचं नाव काढलं
त्याचा चुलतभाऊ आत बसला असेल तर
तो यादीत नाही,
आणि यादीत नाही ते
आमच्याकडे कुणी शोधत नाही.

ती बाटली मी पेटीत ठेवली.
काटा चाळीसवरून एकोणपन्नासवर नेला.
दहाव्या दिवशी आकडा आला.
धाबर्डे साहेबांनी चष्मा वर केला,
“नियमात चाळीस आहे.”
सर, नियम नागपूरला आला नाही कधी.
कूलरची घरघर चालू होती.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
“लिहा. पण सध्या पेन्सिलनं.”

पेन्सिलीनं लिहिलं.
खाली दिल्लीसाठी पत्राचा मसुदा,
त्याला अजून जावक क्रमांक नाही.

सम्यककडे आता स्टीलचा पेला.
निम्मं पाणी अंगावर सांडतो,
पेला फरशीवर आपटून हसतो.

ओट्यावर बाकीच्या सोळा.
अकराच्या सुमारास ऊन पायरी चढतं.
आधी सशाला लागतं.